हौदावरचा कॅमेरा

आमच्या धंद्यात पाहुणा गाडीतून उतरला की आधी गरम पाण्याचं विचारतो, मग वायफायचं आणि पाठ टेकून उठला की जेवणाचं. या तिन्हींची उत्तरं मी झोपेतसुद्धा देईन. मला सगळ्यात जड गेलेला प्रश्न मात्र खोली न घेतलेल्या माणसानं विचारला. भर दुपारी त्यानं फाटकात जीप उभी केली, चपला ओसरीच्या खाली नीट काढल्या, माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "मावशी, तेवढं कॅमेऱ्यात बघू द्या. आमची मंडळी इथं आलती का?"

मंडळी म्हणजे त्याची बायको. ती आली होती. राहिली होती, आणि आदल्याच दिवशी भावाच्या गाडीत बसून गेली होती. फाटकावरच्या कॅमेऱ्यात ती गाडी होती, तिचा नंबर होता, कुठल्या बाजूला वळली तेही होतं. हे त्याला दिसलं असतं तर दिवस मावळायच्या आत तो तिच्या दारात उभा राहिला असता. ती घर सोडून का निघाली होती, ते तिच्या डाव्या मनगटावर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

जिची ही गोष्ट, तिला फोनवर विचारलं आणि मगच लिहायला बसले. ती म्हणाली, "लिहा आक्का, फक्त नावंगावं बदला." बदलली आहेत. तिच्या नवऱ्याला आपण दत्ता म्हणू, सासूला गयाबाई. माझं नाव बदलायची गरज नाही, सगळे मला आक्काच म्हणतात.

येरमाळ्याच्या अलीकडं, येडेश्वरीचा डोंगर दिसतो एवढ्या अंतरावर आमचं शेत आहे. शेतात चार खोल्या. माझ्या लेकीनं पुण्यात बसून फोनवरच्या कुठल्याशा अॅपवर त्यांचे फोटो टाकले आणि मी एकदम 'होस्ट' झाले. नळदुर्गचा किल्ला बघायला निघालेली पुण्या-हैदराबादची माणसं मुक्कामाला येतात. कुलाचाराला येणारी आपल्याकडची कुटुंबं तर बारा महिने असतात. शहरातल्यांना चुलीवरची भाकरी हवी असते आणि आपल्याकडच्यांना गॅसवरची चपाती. दोन्ही करते.

कॅमेरे आले ते विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली म्हणून. तेव्हा मी पंचावन्न वर्षांची पोर होते. पोरच म्हणायचं, कारण अक्कल त्याच बेताची होती. कळंबचा फिटर शिडी घेऊन आला आणि त्यानं विचारलं, "आक्का, कुठंकुठं लावू?" मी शहाणी, म्हणाले, "जिथं जिथं माणूस उभं राहतं, तिथं तिथं." त्यानं एक फाटकावर लावला, एक गाड्यांच्या जागेवर, एक खोल्यांच्या पडवीत आणि एक मागच्या हौदावर. हौदाजवळ मोटारीचा पाइप, म्हणजे केबल तिथंच. माझा हिशोब सरळ होता.

आणि टीव्ही कुठं ठेवला? ओसरीवर, रस्त्याकडं तोंड करून. येणाऱ्या-जाणाऱ्याला कळायला नको का, आक्काकडं कॅमेरे आहेत ते. शेजारचे बापूराव रोज सकाळी चहाला यायचे, कारण पडवीच्या कॅमेऱ्यात कडेला त्यांच्या शेरडांचा वाडा दिसायचा. घरी बसून शेरडं बघण्यापेक्षा माझ्या टीव्हीत ती बघणं त्यांना भारी वाटायचं. मीही स्वयंपाक करता करता येऊन बघायची. कोण गाडीत बसून एकटाच लाडू खातो, कोणाचं नवराबायकोचं बोलणं बंद आहे, कोणाच्या पोरानं पेरू तोडला. आणि बघून गप्प बसेल ती मी कसली. नाष्ट्याला बसल्यावर विचारायची, "काय हो साहेब, पेरू गोड निघाला का?" पाहुणे हसायचे. मला वाटायचं, किती मोकळी माणसं.

त्या कॅमेऱ्यांना आवाजही पकडता यायचा. हैदराबादची एक बाई पडवीत नवऱ्याला सांगत होती की आमटी पांचट झाली होती. दुसऱ्या दिवशी मी तिला अशी आमटी वाढली की तिनं दोन तांबे पाणी पिऊनही काही म्हणायची हिंमत केली नाही. हा प्रसंग मी पुढं बरीच वर्षं माझा पराक्रम म्हणून सांगत होते.

खंडेनवमीला आम्ही विळे, कुदळी, मोटार, ट्रॅक्टर सगळ्याला हळदकुंकू लावतो. त्या वर्षी मी शिडीवर चढून चारही कॅमेऱ्यांना लावलं, बरोबर डोळ्यात. मग टीव्हीवर सगळं जग पिवळं आणि लाल. फिटर धावत आला, वर चढला, बोट फिरवून खाली उतरला आणि म्हणाला, "आक्का, बिघाड काय न्हाय. तुमच्या कॅमेऱ्याला देवी आलीय." त्यानं पुसून दिलं. आता वाटतं, हौदावरचा तरी तसाच राहू दिला असता.

कारण पुढच्याच महिन्यात ढोकीकडचं एक कुटुंब आलं. उसाची शेती, घरात नुकतंच लग्न झालेलं, नवी जोडी देवीच्या पायावर घालायची होती. गयाबाईंनी लेकाचं लग्न जमावं म्हणून नवस बोलला होता, की सासू-सून दोघी ओलेत्यानं डोंगर चढू. आता नवसाची अंघोळ म्हणजे मोकळ्या आभाळाखाली, वाहत्या पाण्यानं. टाइल्स लावलेलं बाथरूम मी अभिमानानं दाखवलं. गयाबाई म्हणाल्या, "हे र्‍हाऊ द्या. ती मोटार चालू करा." मी केली. पुरुषमंडळींना पुढं बसवलं, पोरांना हाकललं, हौदाच्या वाटेवर खाट आडवी लावली. एवढी काळजी घेतली आणि स्वतःवर खूश होऊन ओसरीवर बापूरावांना चहा द्यायला आले.

गयाबाईंची अंघोळ आधी आटोपली. त्या ओल्या लुगड्यानंच ओसरीवर आल्या. हळद संपली होती, ती मागायला. खांद्यावर दर्शनानंतर नेसायचं कोरडं लुगडं होतं. हळद मागायला तोंड उघडलं आणि त्यांची नजर टीव्हीवर गेली.

टीव्हीवर त्यांची सून पाइपाखाली बसलेली. पाठमोरी होती, अंगावर पातळ होतं, पण ओलं पातळ ते ओलंच. बापूरावांनी चहाची बशी तोंडापुढं अशी धरली होती की त्यांचं नुसतं पागोटं दिसत होतं. ते बघत नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. पण बघायचं नाही म्हणून बशी धरावी लागली, यातच सगळं आलं.

गयाबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी खांद्यावरचं कोरडं लुगडं काढलं, टीव्हीवर टाकलं, चारही बाजूंनी नीट खाली ओढलं. मग माझ्याकडं वळल्या.

"बाई, आमी देवीला दिसाया आलो. तुमच्या टीव्हीत न्हाय."

मी म्हणाले, "अवो, मी कुठं बघत होते. ते आपलं चालूच असतं."

"चालूच असतं म्हनून तर," त्या म्हणाल्या आणि हळद न घेताच मागं गेल्या. नंतर कळलं, सुनेचं होईपर्यंत त्या कॅमेऱ्याकडं पाठ करून तिच्यापुढं आडव्या उभ्या होत्या. दर्शनाहून आल्यावरही दिवसभर ओल्याच लुगड्यात राहिल्या, ते अंगावरच वाळलं. कोरडं टीव्हीवरच होतं. निघताना स्वतः आल्या, ते उचललं, घडी घातली आणि गेल्या. सून मागं उभी होती. तिनं वर कॅमेऱ्याकडं एकदा पाहिलं. माझ्याकडं पाहिलं नाही.

माझी भाची कळंबच्या कोर्टात वकिली करते. तिला मी हे सगळं असं सांगितलं, की बघ बाई, लोक किती संशयी झालेत. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "आत्या, तू तुरुंगात भाकरी कुणाला वाढणार आहेस?"

"मी काय केलं?"

"अंघोळ करणाऱ्या बाईला तिच्या नकळत टिपणं आणि दुसऱ्याला दाखवणं, हा गुन्हा आहे."

"माझा तसला हेतू होता का गं?"

"हेतू कोर्टात समजावून सांगावा लागतो. तिथपर्यंत जायचंच कशाला?"

ती त्याच दिवशी आली. आधी त्या सकाळचं चित्रण माझ्यासमोर पुसलं. मग मला हाताला धरून शेतभर फिरवलं आणि प्रत्येक कॅमेऱ्याखाली उभं करून विचारलं, इथून काय दिसतं, कोणाला दिसतं, कशासाठी. तिचं म्हणणं थोडक्यात असं. आपल्या जागेत, आपल्या मालाच्या राखणीला, बाहेरच्या बाजूला कॅमेरा लावायला आडकाठी नाही. पण जिथं माणूस आपल्याला कोणी बघत नाही अशा समजुतीनं वावरतं, तिथं तो वळता कामा नये. न्हाणी, हौद, खोलीचं दार, खिडकी, शेजाऱ्याचं अंगण, काहीच नाही. पाहुण्यानं खोली घ्यायच्या आधीच त्याला सांगायचं, कॅमेरा कुठं आहे आणि कुठवर बघतो. फाटकावर पाटी लावायची. आवाज बंद. आणि टिपलेलं कुणाला दाखवायचं नाही. पोलिसांनी लेखी मागितलं तरच द्यायचं, आणि दिलं की त्याबरोबर हे माझ्याच यंत्रातलं आहे, यात काही कापाकापी केलेली नाही, असं सही करून द्यायचं.

"आवाज बंद केल्यावर आमटीचं कसं कळणार?" मी विचारलं.

"खाणाऱ्याला विचारून," भाची म्हणाली.

हौदावरचा कॅमेरा उतरवला. मोटारीची केबल जमिनीतून पाइपात घातली. हे आधी सुचलं असतं तर हौदावर कॅमेरा लागलाच नसता. पडवीतला फिरवला, तेव्हा बापूराव रुसले. "माझी शेरडं तरी दिसू द्या," म्हणाले. भाचीनं विचारलं, "काका, वाड्यात शेरडांच्या लेंड्या कोण काढतं?" बापूराव म्हणाले, "सून काढती की." "तिला विचारलंत का?" बापूरावांनी विचारलं नव्हतं. पुढं विचारलं तेव्हा सून काय म्हणाली ते त्यांनी मला सांगितलं नाही, पण शेरडांचा विषय परत निघाला नाही. ओसरीवरचा टीव्ही आतल्या कपाटात गेला, कुलूप लागलं. भिंतीवर खिळा राहिला, त्याला मी कॅलेंडर अडकवलं. पाटीचा मजकूर भाचीनं लिहून दिला. शेवटी मी माझ्या हातानं 'बाकी देवी बघतेच आहे' असं घातलं होतं, ते तिनं पुसायला लावलं.

मग वर्षं गेली. कॅमेरा कुठं आहे हे आधीच सांगायची सवय लागली तशी गंमत पण कळली. एक पुणेकर गृहस्थ खोली घेण्याआधी फोनवर एवढं खोदून खोदून विचारत होते की मला त्यांचाच संशय आला. आल्यावर कळलं, त्यांना रात्री अंगणात गाणं म्हणायचं होतं आणि त्यांचा आवाज वाईट होता. एका लग्नाच्या वऱ्हाडानं बाटली काढताना गाड्यांवरच्या कॅमेऱ्याला टॉवेल गुंडाळला आणि सकाळी घडी करून मला परत दिला. शिस्तीची माणसं.

आणि एक दिवस दुपारच्या बसनं ती आली. बरोबर लहान लेक, हातात एकच पिशवी. मी ओळखलं नव्हतं. तिनं खोलीचं विचारायच्या आधी विचारलं, "आक्का, मागच्या हौदावरचा कॅमेरा काढला का?"

तेव्हा ओळखलं.

मी तिला मागं नेलं. नुसत्या खांबावर खिळ्याची भोकं होती, ती दाखवली. मग फाटकाखाली उभी करून सांगितलं, "हा इथून त्या बाभळीपर्यंत बघतो. तू आलीस ते यात आलंय, तुझ्यापासून लपवत न्हाय. पण कुणाला दाखवणार न्हाय."

"ते आले तरी?"

"कुणीबी आलं तरी."

तिनं आधार कार्ड दिलं, नियमाप्रमाणं मी नोंद केली. मनगटाचं मी विचारलं नाही, तिनं आपणहून सांगितलं. बोलणं कमी होतं. भाचीला बोलावलं, त्या दोघी आत बराच वेळ बसल्या, तक्रारीचे कागद झाले. मी दोन्ही वेळा ताट खोलीच्या दारात ठेवायची आणि रिकामं उचलायची. मग तिचा भाऊ गाडी घेऊन आला आणि ती गेली.

आणि दुसऱ्या दिवशी दत्ता माझ्या पाया पडत होता.

मी म्हणाले, "बसा. चहा घ्या."

"चहा नको मावशी, घाईत हाय."

"मग पाणी तरी घ्या. कॅमेऱ्यातलं मी कुणाला दाखवत न्हाय."

"आमी काय परके हाव का? लगीन झाल्यावर इथंच आलतो. वळखलं न्हाय व्हय?"

"वळखलं की. वळखीच्यालाबी न्हाय दाखवत. फाटकावर पाटी हाय."

"माझी बायको हाय ती. मला हक्क न्हाय?"

"ठाण्यात जा, हरवल्याची तक्रार द्या. ते लेखी मागतील, मी त्यांना काढून देईन. तुमाला न्हाय."

"घरातल्या गोष्टीला पोलीस कशाला?"

"घरातली हाय तर माझ्या फाटकावर कशाला हुडकता?"

त्यानं फोन काढला, कुणाशी तरी बोलला आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडं माझे चुलत दीर. पंचायतीतले, मोठं प्रस्थ. "वहिनी, दाखवा की. आपलीच मानसं हायत, शब्द दिलाय मी त्यांना."

मी म्हणाले, "भाऊजी, दाखवते. मग परवा तुमच्या मोटारसायकलवर मागं कोण बसलं होतं हे कुणी विचारलं, तर तेबी दाखवू का?"

पलीकडं ते दोनदा खाकरले. मग म्हणाले, "द्या, त्यांना फोन द्या." खरं सांगते, परवा ते माझ्या फाटकावरून गेले होते की नाही हेसुद्धा मला माहीत नव्हतं. त्यानंतर त्यांच्या घरच्या कार्याचं बोलावणं मला आलेलं नाही. पूर्वीची मी असते तर दत्ताला टीव्हीसमोर बसवून, चहा देऊन, वर सांगितलं असतं की बघा, अमुक वाजता गेली, डावीकडं वळली. आपल्या यंत्राचं कौतुक व्हावं म्हणून. तिच्या मनगटाकडं बघायला त्या पूर्वीच्या आक्काला फुरसत नव्हती, ती पेरू मोजत होती.

एवढ्यात जीपचं मागचं दार उघडलं आणि गयाबाई उतरल्या. गुडघे गेलेले, हातात काठी. ओसरीवर टेकल्या, दम घेतला आणि भिंतीकडं बघत राहिल्या.

"हितं टीव्ही होता."

"व्हता."

"कुठं गेला?"

"तुमी झाकलात. त्यानंतर मी हितं परत लावला न्हाय."

दत्ताला यातलं काही कळत नव्हतं. तो म्हणाला, "आई, तू सांग की यांना." गयाबाई काठीच्या मुठीवर बोट फिरवत बसल्या. माझ्या मनात होतं, विचारावं. लुगडं टीव्हीवर टाकलंत, तसं लेकाचा हात उठला तेव्हा का नाही आडव्या उभ्या राहिलात? ओठावर आलं होतं. पण त्यांच्या तोंडाकडं पाहिल्यावर वाटलं, हा प्रश्न त्यांना कुणी विचारायची गरज राहिलेली नाही.

"चल," त्या दत्ताला म्हणाल्या.

"आगं पण..."

"चल म्हनले ना. गाडी घराकडं घे."

तो पाय आपटत गेला. गयाबाई उठल्या, पायरी उतरल्या, थांबल्या. माझ्याकडं न बघता हळूच विचारलं, "जेवून गेली का ती?"

आता आली का पंचाईत. जेवली म्हणावं तर आली होती हे सांगितल्यासारखं. नाही म्हणावं तर या म्हातारीच्या जिवाला घोर. मी म्हणाले, "माझ्याकडनं कुणी उपाशी जात न्हाय."

त्यांनी मान हलवली, पदर सारखा केला आणि गेल्या. त्या दिवशी मी कपाट उघडून फाटकावरचा कॅमेरा पाहिला. जीप ढोकीच्या बाजूला वळली होती, भावाच्या गावाकडं नाही. मग कुलूप लावलं.

भाचीनं मला फैलावर घेतलं. "आत्या, हे सांगितल्यासारखंच झालं." मी म्हणाले, "मी माझ्या स्वयंपाकाबद्दल बोलले." ती म्हणाली, "कोर्टात टिकणार नाही." मलाही ते माहीत होतं.

सुनेला फोन करून एवढंच कळवलं, की आले होते, काही दाखवलं नाही, घराकडं गेले. तिनं सासूचं विचारलं, "आत्याबाई आल्या होत्या का? काय म्हणाल्या?" फाटकात कोण काय बोललं ते बाहेर सांगायचं नाही, हा माझा नियम. मी तो मोडला. त्यांनी काय विचारलं आणि मी काय सांगितलं, ते दोन्ही सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आक्का, मी तर काहीच खाल्लं नव्हतं. लेकीला भरवलं आन् माझी भाकरी कुत्र्याला घातली. घास उतरत नव्हता."

एवढे कॅमेरे लावलेली मी. रिकामं ताट उचललं आणि ते जेवणाऱ्यानंच रिकामं केलं असं धरून चालले.

"मग आता मला खोटी पाडू नको," मी म्हणाले. "एकदा ये आन् जेवून जा."

आली. तोवर तिला बालवाडीत काम लागलं होतं, कोर्टातलं चालू होतं, अजून आहे. चुलीपुढं पाटावर बसली, बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांगं. दुसरी भाकरी मागून घेतली. आमटी पांचट आहे म्हणाली, तेही तोंडावर. मी समोर बसून सगळं बघितलं. स्वयंपाकघरात कॅमेरा नाही, तेव्हा याचा पुरावा कुणी मागू नये.